गुडघे पोटाशी

“मग डोंगरावर राहता कशाला?” मॅडम म्हणाल्या, आणि हॉल हसला.

पुढच्या खुर्च्यांवरच्या बाया हसल्या. दाराशी कप मांडणारा माणूस हसला. मागे सतरंजीवर बसलेल्या आमच्या बायांपैकीही एक-दोघी हसल्या, कारण मॅडम हसल्या की हसायचं असतं, एवढं आम्हाला कुणी न शिकवता येतं. मी उभी होते. कडेवर माझी पोरगी, बुधी. चार वर्षांची. तिला वाटलं काहीतरी मजेचं झालं, म्हणून तीपण हसली. हसली की तिचे ओठ जास्तच निळे दिसायचे.

मी विचारलं होतं एवढंच: पोर रडून रडून निळी पडली, डोळे फिरवले, तर आम्ही काय करायचं? मॅडम म्हणाल्या, लगेच दवाखान्यात आणायचं, ऑक्सिजन लावावा लागतो. मी म्हटलं, आमची वाडी डोंगरावर आहे. खाली वैशाखऱ्याच्या रस्त्याला येईपर्यंतच अर्धी सकाळ जाते. मग गाडी मिळेल तेव्हा मिळेल. तोवर काय करायचं? माझा प्रश्न त्या ‘तोवर’चा होता. त्याचं उत्तर मिळालं ते वर लिहिलं आहे.

मी खाली बसले. कान तापले होते. बुधी माझ्या मंगळसूत्राचे मणी चघळत होती. शेजारची बाई कुजबुजली, “कशाला बोललीस गो?” तिचंही बरोबर होतं. आम्ही तिथे ऐकायला गेलो होतो, बोलायला नाही.

ही नव्वदची दहा वर्षं सरत आली तेव्हाची गोष्ट. शहापूरला लग्नाच्या एका हॉलमध्ये हा वर्ग भरला होता. ज्यांच्या मुलांचं काळीज जन्मापासून बिघडलेलं आहे अशा आयांचा वर्ग. मुंबईची कुठलीशी संस्था होती, मॅडम तिच्याच. मुलाला कसं सांभाळायचं ते आयांना शिकवणार, जायचा-यायचा खर्च देणार, दुपारी खिचडी देणार. आमच्याकडे फिरणाऱ्या आरोग्याच्या बाईने निरोप आणला तेव्हा मी फार खूश झाले होते, खोटं कशाला सांगू. आदल्या दिवशी लुगडं धुऊन वाळवलं. बुधीच्या केसांना तेल लावलं. कोणीतरी मला शिकवणार होतं. आश्रमशाळेत चौथी झाल्यावर बापाने नाव काढलं, त्यानंतर मला शिकवायला कोणी बोलावलंच नव्हतं.

बुधीची गोष्ट सांगते, म्हणजे कळेल.

ती जन्मली तेव्हा चांगली होती. दुसऱ्या वर्षी चालायला लागली आणि ओठ, नखं, जीभ निळी दिसायला लागली. आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी जांभळं पिकतात. सगळ्या वाडीची तोंडं निळीजांभळी असतात. बाया पाट्या भरून जांभळं खाली बाजाराला नेतात, पोरं झाडाखालीच बसलेली असतात. माझी सासू म्हणाली, “जांभळा खाते ना गो ती, म्हणून.” मीही तेच म्हटलं. पाऊस आला, जांभळं संपली, भाताची आवणी झाली, सगळ्या पोरांची तोंडं धुऊन निघाली. बुधीचं तसंच राहिलं. 

आणि ती बसायची. चार पावलं चालली की उकिडवी बसायची, गुडघे छातीशी घेऊन, हाताची घडी घालून, म्हातारीसारखी. थोड्या वेळाने उठायची, परत चार पावलं, परत बसायची. पोरं तिला बसकी म्हणायची. घरी आम्हाला वाटायचं आळशी आहे, लाडावली आहे. बाप तिचे लाड करायचाच. माझा नवरा काळू. चढ आला की तिला उचलून काखेत मारायचा, तिचे पाय दुमडून पोटाशी धरायचा आणि चालू लागायचा. वर पोचेपर्यंत तिच्या तोंडावर जरा रंग यायचा. आम्ही म्हणायचो, बापाजवळ गेली की खुलते.

अंगणवाडीत एक डॉक्टर तपासायला आले, त्यांनी नळी लावली आणि ती काढेचनात. मग आधी तालुक्याला, तिथून मुंबईला. मोठा दवाखाना. तिथे सांगितलं की काळजाला भोक आहे आणि रक्त जायची वाट अरुंद आहे. ऑपरेशन करावं लागेल. पण पोर बारीक आहे, वजन वाढवून आणा. पुन्हा गेलो. पुन्हा तेच, वजन वाढवून आणा. मी नाचणीचं आंबील दिलं, शेळीचं दूध दिलं, माझ्या ताटातलं अंडं तिला दिलं. पोर खायला बसली की दमायची. घास चावताना दमायची. वजन वाढवा म्हणणाऱ्याने ते कधी बघितलं नसावं.

म्हणून मी त्या वर्गाला गेले. मला एकच हवं होतं. ऑपरेशन होईपर्यंत पोर जगवायची कशी.

त्या हॉलमध्ये पुढे खुर्च्या होत्या. त्यांच्यावर शहापूरच्या बाया, किन्हवलीच्या दोघी, आणि भातसानगरच्या कॉलनीतली एक. तिचा नवरा धरणावर नोकरीला होता. तिचा मुलगा गोरा, पण ओठ बुधीसारखेच. दोघं एकमेकांकडे बघत होते. मुलांना कळतं आपल्यासारखं कोण ते. मागे सतरंजी होती, चपलांच्या ढिगाला लागून. तिथे आम्ही वाड्यांवरच्या. कोणी सांगितलं नव्हतं तिथे बसा म्हणून. आम्ही आपणहून बसलो. हे आठवलं की मला आजही माझाच राग येतो.

सकाळभर मॅडमनी सगळ्यांना मिळून शिकवलं. हात धुवा. नखं कापा. पाणी उकळा. दात घासा. जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी द्या. ताप अंगावर काढू नका. मॅडम वाईट नव्हत्या. पोरांना बिस्किटं देत होत्या, आवाज गोड होता. फक्त आमच्या पोरांच्या डोक्यावर हात ठेवताना बोटांची टोकं तेवढी टेकवायच्या.

मग माझा प्रश्न आला, हसणं झालं. आणि त्यानंतर मॅडमनी सांगितलं, “आता ज्यांना लिहिता-वाचता येतं त्या थांबा. बाकीच्यांनी बाहेर खिचडी घ्या. तुम्हाला एवढं पुरे.”

आम्ही उठलो. सगळ्या. मीपण.

मला लिहिता-वाचता येत होतं. पण मला कोणी विचारलं नाही. त्यांनी सतरंजीकडे हात केला आणि सतरंजी उठली. थोड्या वेळापूर्वी माझ्यावर हॉल हसला होता. परत तोंड उघडून, मॅडम मला येतं हो वाचायला, असं म्हणायची माझी छाती झाली नाही. बाहेरच्या पडवीत बसलो. खिचडी गरम होती, बुधीने चार घास खाल्ले. आतून दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होतं की मॅडमच्या हातात प्लास्टिकची बाहुली आहे आणि पुढच्या बाया माना पुढे काढून बघतायत. आमच्यातली एक म्हणाली, “बाहुली खेळतेत.” आम्ही हसलो. मग मुरबाडची एसटी पकडायची म्हणून निघालो.

त्यानंतर वर्गात शिकवलेलं सगळं मी केलं. पाणी उकळलं. त्यासाठी जास्तीचं जळण आणावं लागायचं, सासू कुरकुरायची, तरी उकळलं. नखं कापली. दात घासले. बुधीला घरात सगळ्यात स्वच्छ ठेवली. वाडीतल्या बाया म्हणायच्या, शहराची झाली तुझी पोर.

पुढच्या श्रावणातली सकाळ. दोन दिवस जुलाब होते, मी पाणी पाजतच होते. उठली तीच किरकिर करत. रडायला लागली. मी घेतलं, फिरवलं, थांबेना. रडता रडता श्वास जोरात व्हायला लागला आणि रंग बदलला. निळी नाही, काळी पडली. डोळे वर गेले. अंग ढिलं पडलं आणि मग तिने पाय पोटाशी ओढून घेतले.

सासूने हाका मारल्या. वाडी गोळा झाली. आमच्यात एक जाणतं म्हातारं होतं, साप-विंचू उतरवणारं, त्याने पापणी उचलून बघितलं. “आकडी हाय,” ते म्हणालं. “हातपाय सरळ धरा. आखडू देऊ नका. आखडला का माणूस जातो.”

हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आकडी आली की हातपाय ओढून सरळ करायचे, कांदा फोडून नाकाला लावायचा. आमच्या आज्या हेच करत आल्या. कांदा फोडला. पाय सरळ केले. तिने परत ओढले. परत सरळ केले.

एरवी काळूने तिला काखेत मारलं असतं आणि धावत सुटला असता. पण म्हाताऱ्याने सांगितलं होतं, सरळ ठेवायचं. म्हणून डोली केली. बांबूला गोधडी बांधली, तिच्यात बुधीला लांब निजवली. मोठ्या माणसाला नेतात तशी. दोन दिरांनी बांबू खांद्यावर घेतला. पायवाटेला शेवाळ होतं, पाऊस लागून राहिलेला. काळू डोलीच्या बाजूने चालत होता, एका हाताने तिच्यावर इरलं धरलेलं, दुसऱ्या हाताने तिचे गुडघे दाबून धरलेले. ती पाय वर घ्यायची, तो खाली करायचा. किती मायेने करत होता. “पाय सोड गो बाय. सोड. आता आलाच रस्ता.” मी मागून चालत होते. मला फक्त तिचं डोकं दिसत होतं आणि त्याची पाठ.

निम्म्या उतारावर तिने पाय वर घ्यायचं सोडलं. काळू म्हणाला, “हां, आता बरा वाटतो तिला.” आम्हाला खरंच तसं वाटलं.

वैशाखऱ्याला भाजीचा टेम्पो मिळाला. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी टेबलावर घेतली, नळी लावली, डोळ्यात बॅटरी मारली. मग नळी काढून गळ्यात टाकली आणि बोटांनी तिचे डोळे मिटवले.   मी मुंबईचे कागद पिशवीतून काढून त्यांच्यापुढे धरले, कशासाठी ते मलाच माहीत नाही. त्यांनी वाचले.

“गुडघे पोटाशी धरले होते का?” त्यांनी विचारलं.

मला कळेना ते काय विचारतायत. मी म्हटलं, “नाय. सरळ ठेवली. आकडी आलती.”

“आकडी नाही ती. अशा मुलांना असा झटका येतो. गुडघे दुमडून छातीशी दाबून धरायचे असतात. तुम्हा आयांसाठी शहापूरला वर्ग घेतला होता. गेली होतीस ना?”

“गेलते.”

“मग तिथे काय झोपली होतीस?” आणि माझ्याकडे पाठ करून नर्सला म्हणाले, “यांना कितीही शिकवा, उपयोग नाही.”

काळू बाहेर होता, दिरांबरोबर बाकावर. त्याने हे ऐकलं नाही. मी ऐकलं. मी तिथे उभी होते, माझी पोर टेबलावर, आणि मला रडूही येईना. डोक्यात एकच चालू होतं. कधी शिकवलं? मी सकाळपासून होते. एक शब्द सोडला नव्हता मी. पाणी, नखं, दात, ताप. सगळं तोंडपाठ होतं. गुडघे कधी?

मग ती बाहुली आठवली. काचेतून दिसणारी. मॅडमनी तिचे पाय दुमडून वर धरले होते.

आम्ही पोरीला वर नेली. ओढ्याच्या अल्याड पुरली. काळू जेवेना. सासू छाती बडवून म्हणायची, एवढा सरळ धरला तरी गेली, एवढा सरळ धरला तरी. मी ऐकून घ्यायचे. मला माहीत होतं ते मी कोणाला सांगत नव्हते. सांगू कशी? ते गुडघे ज्याने दाबून धरले तो तिचा बाप होता. वाडीत तिच्यावर त्याच्याइतका जीव कोणाचाच नव्हता, माझा धरून. त्याला जाऊन म्हणू, ती पाय वर घेत होती ते जगायला घेत होती? चार वर्षांच्या पोरीला तिच्या अंगाने शिकवलं होतं काय करायचं ते. बसकी म्हणून जिची चेष्टा केली ती बसून बसून स्वतःला जगवत होती. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, मायेने, तिला ते करू दिलं नाही. हे मी कोणत्या तोंडाने बोलणार होते? रात्री तो कूस बदलायचा, मी जागी असायचे. तो विचारायचा, झोप नाय लागत? मी म्हणायचे, नाय.

दिवाळी झाली. भात झोडून झालं. आरोग्याची बाई परत वाडीवर आली, नवीन होती, पहिलीची बदली झाली होती. म्हणाली, धसईला शाळेत वर्ग आहे, बुधीला घेऊन या. तिला माहीत नव्हतं. सासू ओरडणार होती, मी हात केला. म्हटलं, येते.

मी का गेले ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. शिव्या द्यायच्या होत्या बहुतेक. वाटेने शिव्या जुळवत गेले.

धसईचा बाजाराचा दिवस होता. रस्त्याने भाजीच्या पाट्या, तांदळाची पोती, कोंबड्या. शाळेच्या खोलीत त्याच मॅडम, तेच सगळं. पुढे बाकडी, मागे सतरंजी. भातसानगरची बाई आली होती. तिच्या मुलाचं ऑपरेशन झालं होतं, ओठ गुलाबी झाले होते, तो खोलीभर पळत होता. मॅडमनी तिला सगळ्यांपुढे बोलायला लावलं. ती म्हणाली, ऑपरेशनच्या आधी एकदा घरी झटका आला, मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी त्याचे गुडघे पोटाशी धरले, तो शांत झाला, मग धरणावरच्या साहेबांच्या जीपने दवाखान्यात नेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई चांगली होती. मला बघून ओळखीचं हसली आणि नजरेने माझ्या कडेवर शोधलं. कडेवर कोणी नव्हतं. तिचं हसणं बंद झालं.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला तिचा राग नव्हता. तिचा पोरगा वाचला, वाचू दे. मला एवढंच दिसत होतं की ती ज्या दारातून आत राहिली त्याच दारातून मी बाहेर गेले होते.

सकाळचं हात-पाय-नखं झालं. आणि मॅडम नेहमीच्या गोड आवाजात म्हणाल्या, लिहिता-वाचता येणाऱ्या पुढे या, बाकीच्यांनी बाहेर चहा घ्या.

सतरंजी उठली. बाया लुगडी सावरत दाराकडे निघाल्या. माझ्या शेजारी एक कोवळी पोरसवदा बाई होती, धसईच्या वरच्या अंगाच्या वाडीतली. मांडीवर तिचा मुलगा, दीडेक वर्षाचा, ओठ निळसर. ती उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

“मी नाय उठणार,” मी म्हटलं.

मॅडमना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी परत सांगितलं, चहा बाहेर आहे. मी परत तेच म्हटलं. तेव्हा त्या जरा जवळ आल्या आणि विचारलं, “तुम्हाला लिहिता येतं का?”

“येतं. पण हिला येत नाय. आन हीबी नाय उठणार.”

मॅडम समजावायला लागल्या. म्हणाल्या, पुढचा भाग कठीण असतो, तुम्हा बायकांना कंटाळा येतो, एसटी चुकते, तुमच्याच सोयीसाठी करतो आम्ही. आवाज अजून गोडच होता. मला वाटेने जुळवलेल्या शिव्यांपैकी एकही आठवेना.  जे होतं तेच तोंडातून आलं.

“माझी पोर मेली मॅडम. तुमी गुडघे पोटाशी धरा म्हणून आत शिकवत होता, तेवा मी भायेर खिचडी खात होते.”

 बाहेर बाजारात कोणीतरी वांग्यांचा भाव ओरडत होतं, ते सगळं आत ऐकू येत होतं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या खुर्चीवर बसल्या, रुमाल काढला. म्हणाल्या, “तुमचं दुःख मी समजू शकते.”

“नाय समजत,” मी म्हटलं. “रडू नका. शिकवा.”

मला त्यांचं रडणं नको होतं. त्या रडल्या असत्या, मग मी रडले असते, त्यांनी माझ्या पाठीवर बोटांची टोकं टेकवली असती, आणि वर्ग संपला असता. एसटीची वेळ झाली असती.

दाराकडे गेलेल्या बायांपैकी दोघी परत येऊन बसल्या. बाकीच्या बाहेर गेल्या. पहाटेपासून उपाशी चालत आल्या होत्या, मी त्यांना काय बोलू.

मॅडमनी बाहुली काढली. मी म्हटलं, बाहुली नको, ह्या पोरावर दाखवा. त्यांनी त्या मुलाकडे बघितलं. नाक वाहत होतं त्याचं. क्षणभर थांबल्या, मग सतरंजीवर खाली बसल्या, इस्त्रीची साडी घेऊन, आणि त्याला मांडीवर घेतलं. पाठ आपल्या छातीला लावली. दोन्ही गुडघे दुमडले आणि त्याच्या छातीशी दाबून धरले. म्हणाल्या, असं. शांत राहायचं, त्याला शांत करायचं, असंच धरून दवाखान्यात न्यायचं. याने आजार बरा होत नाही, पण वेळ मिळतो.

एवढंच होतं.

कठीण भाग तो एवढाच होता. लिहायला काही नव्हतं त्यात. वाचायला काही नव्हतं. एक हात पाठीला, एक गुडघ्यांना. काळू रोज चढावर हेच करायचा. ‘तोवर’चं उत्तर एवढंसं होतं आणि ते मला कळणार नाही असं त्यांनी माझं लुगडं बघून ठरवलं होतं. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. त्या कोवळ्या बाईला म्हटलं, आता तू धर. तिने धरलं. परत धर म्हटलं. त्या दोघींना म्हटलं, तुमी धरा. पोरगा कंटाळून रडायला लागेपर्यंत आम्ही ते केलं.

घरी जाताना मला दुसरीच भीती वाटत होती. धसईत जे बोलले ते वाडीत बोलावं लागणार होतं. वाडीत अजून पोरं जन्मणार होती. एखादीचे ओठ जांभळं संपल्यावरही निळे राहिले, तर ही सगळी जाणती माणसं तिला सरळ करायला धावणार होती. मी गप्प राहिले तर काळू नीट झोपेल. आणि कोणाचं तरी पोर डोलीत पाय वर घेत मरेल.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मी आमच्या अंगणात बायांना बोलावलं. जावेची मुलगी मांडीवर घेतली, धडधाकट पोर. सांगायला लागले. सासू मधेच म्हणाली, “आखडलेल्या पोराला असा दाबतात? मरल ना ती.” मी म्हटलं, नाही मरत. सरळ केल्यावर मरते. आणि मांडीवरच्या पोरीचे गुडघे दुमडून छातीशी धरले.

काळू ओट्यावर बसून इरलं विणत होता. त्याचा हात थांबला. मी बघितलं नाही तिकडे, पण बांबूच्या कामटीचा आवाज थांबलेला कळला. बाया माझ्याकडे बघत होत्या, मग एकेक करून त्याच्याकडे बघायला लागल्या. सगळ्यांनी ती डोली बघितली होती.

“मी धरले व्हते गो,” तो म्हणाला. “पाय. मीच धरले व्हते.”

मला खोटं बोलता आलं असतं. तुझ्यामुळे नाही, तिची वेळ आली होती, असं म्हणता आलं असतं. सासूने तेच म्हणायला तोंड उघडलं होतं.

“हां,” मी म्हटलं. “तूच धरले व्हतेस. तुला कोणी सांगितला नव्हता. मला सांगायचा व्हता, तर मला भायेर बसवली.”

तो उठला. इरलं तिथेच टाकून रानाकडे निघून गेला. सासू माझ्यावर थुंकली. म्हणाली, दगड आहेस. मी मांडीवरची पोर तशीच धरून ठेवली आणि जावेला म्हटलं, आता तू धर.

त्या दिवसानंतर काळू माझ्याशी कामापुरतं बोलतो. कोणाचं पोर उचलत नाही. मी त्याला सांगितलं याचा मला पश्चात्ताप नाही, आणि त्याचं झालेलं बघवतही नाही. ही गोष्ट त्याला माझ्या तोंडून कळायला नको होती. ती आम्हा दोघांना शहापुरात, बुधी जिवंत असताना कळायला हवी होती. ज्यांनी दार ओढून घेतलं त्यांची झोप उडाली नाही. उडाली आमची. हे मी विसरणार नाही आणि त्यांनाही विसरू देणार नाही.

मला आता वर्गाचा निरोप येत नाही. मी बाजारात विचारून जाते, मुरबाडला, शहापूरला, जिथे असेल तिथे. माझ्याकडे दाखवायला मूल नाही, त्यामुळे ते विचारतात, तुमचं काय काम. मी सांगते, बसायचं काम आहे. पुढे बसते. वाडीवरच्या बायांना ओढून पुढे घेते. आणि अर्धा वर्ग झाल्यावर जेव्हा कोणीतरी गोड आवाजात सांगतं, आता बाकीच्यांनी बाहेर जा, तेव्हा मी मोठ्याने विचारते, बाकीच्या म्हणजे कोण. उत्तर देईपर्यंत मी त्यांना पुढचं शिकवू देत नाही.